पाण्यात म्हैस, बाहेर मोल?
सागरतळाचा कानोसा घेणारी यंत्रे आणि माणिकपूरचा लेथ

व्यवहारातली जुनी म्हण आहे – पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस पाण्यात बुडालेली, पाठ तेवढी वर. ती दुभती की भाकड, धड की लंगडी, काही कळत नाही. आणि काठावर उभे राहून तिची किंमत ठरवायची! न पाहिलेल्या मालाचा सौदा करू नये, हे आपल्या बाजारात मुलांना गल्ल्यावर बसवतानाच शिकवले जाते. परंतु अलीकडे माणिकपुरात आमच्यापुढे जो सौदा आला तो असाच होता. फरक इतकाच की येथे माल काठावर होता आणि गिऱ्हाईक पाण्यात.

माणिकपूर नाक्यापासून थोड्या अंतरावर आमच्या परिचयाच्या एका वयस्क टर्नर चाचांचा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुने मिलिंग आणि मदतीला डिप्लोमा झालेला भाचा. चाळीस वर्षे पंपाचे शाफ्ट, बुश, मोल्डचे सुटे भाग यांवर घर चालले. हल्ली काम कमी झाले आहे. जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही सहज डोकावलो तर चाचांनी एक ड्रॉइंग पुढे केले.

‘‘हे जरा बघा. ॲल्युमिनियमची नळी, वीस सेंटिमीटर व्यासाची. दोन्ही टोकांना झाकणे. झाकणांना ओ-रिंगच्या खाचा. काम साधे दिसते. पण खाली लिहिलंय – पाण्याची खोली दोनशे मीटर. हे आहे तरी काय?’’

भाचा म्हणाला, ‘‘मामा, पाण्याखालच्या रोबोचा डबा आहे. आत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स बसवतात.’’

‘‘ते ठीक रे,’’ चाचा म्हणाले, ‘‘पण हा रोबो पाण्याखाली जाऊन करतो काय? त्याचा बाजार खरा आहे की चार दिवसांची हवा? मी माल आणायला पैसे घालू की नको?’’

चाचांचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. वसई, नालासोपारा, विरारपासून भिवंडी-मुंब्र्यापर्यंत आपले शेकडो कारागीर अशाच छोट्या गाळ्यांत बसले आहेत. म्हणून आम्ही या विषयाची माहिती गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

डोळा नव्हे, कान

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही की समुद्राचा तळ डोळ्यांनी दिसत नाही. वसईच्या खाडीत हात बुडवला तर कोपरापुढची बोटे दिसत नाहीत, इतका गाळ. स्वच्छ समुद्रातही उजेड शे-दोनशे मीटरच्या खाली जवळजवळ संपतो. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विझतात. म्हणून मोबाईल, जीपीएस, रडार यांतले पाण्याखाली काहीही चालत नाही. चालतो तो फक्त आवाज. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो; समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक.

सन १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरात हा वेग मोजला. एका होडीखाली पाण्यात घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारू पेटवून उजेड करायचा. दूरच्या होडीतल्या माणसाने उजेड पाहून घड्याळ चालू करायचे आणि घंटा कानी पडताच थांबवायचे. त्या थंड पाण्यात वेग भरला सेकंदाला १४३५ मीटर. आजच्या यंत्रांच्या तुलनेतही हे मोजमाप चांगलेच जवळचे आहे.

आता हिशेब सोपा. होडीच्या बुडाशी लावलेल्या यंत्राने टक् असा आवाज सोडला. तो तळाला आपटून परत आला. येण्याजाण्याचा वेळ मोजायचा, वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे. चार सेकंद लागले तर खोली तीन हजार मीटर. वसईसमोर पंधरा मीटर पाणी असेल तर प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. आपल्या मच्छीमार होड्यांवर बसवलेला फिशफाइंडर हेच करतो.

आवाजाने केवळ खोली कळते असे नाही. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. ओतकामवाला कास्टिंग ठोकून आत पोकळी आहे का ते ओळखतो. गवंडी फरशी वाजवून खाली माल भरला आहे की नाही ते सांगतो. तळाचेही तसेच. कातळ असेल तर प्रतिध्वनी खणखणीत येतो, मऊ चिखल असेल तर क्षीण.

कामाप्रमाणे आवाजही वेगवेगळा लागतो. लग्नाची वरात दूर असली की ढोलाचा दणका ऐकू येतो. ताशाचा कडकडाट वरात जवळ आल्यावरच कळतो. पाण्यातही तसेच. जाड, खर्जातला आवाज लांब जातो आणि चिखलाच्या आतही शिरतो. त्यावरून चिखलाखालचे थर, गाडलेला कातळ, गाळात कोंडलेला वायू यांचा माग लागतो. पातळ, उंच पट्टीचा आवाज लांब जात नाही, पण जवळचे बारीकसारीक दाखवतो. ‘साइड स्कॅन सोनार’ हे यंत्र दोन्ही बाजूंना असा आवाज फेकत जाते आणि तळावर पडलेल्या वस्तूंचे चित्र काढते. वस्तूच्या मागे आवाजाची सावली पडते, तिच्या लांबीवरून उंची कळते. ‘मल्टीबीम’ यंत्र पंख्यासारखे शेकडो किरण एकाच वेळी सोडते आणि होडी पुढे जाईल तसा तळाचा पट्टाच्या पट्टा मोजत जाते.

यात खोट येण्याच्या जागाही आहेत. पाण्याची उष्णता आणि खारटपणा बदलला की आवाजाचा वेग बदलतो. म्हणून सर्वेक्षण करणारे आधी त्या जागचा वेग मोजून घेतात. मुंबई परिसरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. तेव्हा भरतीचा हिशेब वजा केल्याशिवाय खोलीच्या आकड्याला अर्थ नसतो. तराजू खरा असला तरी पासंग पाहावाच लागतो.

शिशाच्या गोळ्यापासून मबाहिसपर्यंत

या यंत्रांपूर्वी खोली मोजायची ती दोरीने. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी. गोळा तळाला टेकला की दोरी किती वाव गेली ते मोजायचे आणि चरबीला चिकटलेली वाळू किंवा चिखल पाहून तळ ओळखायचा. खोल समुद्रात एकेका मोजणीला तास लागत. पुढे जर्मनीचे ‘मेटेओर’ जहाज १९२५ ते १९२७ या काळात अटलांटिक महासागरात फिरले आणि त्याने आवाजाच्या साह्याने ६७ हजारांहून अधिक मोजण्या केल्या. दोरीने हे काम एका पिढीत झाले नसते.

आपल्या अरबी समुद्राची अशी पहिली मोठी पाहणी ज्या जहाजाने केली ते इजिप्तचे होते, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. त्याचे नाव ‘मबाहिस’. सप्टेंबर १९३३ मध्ये ते इस्कंदरिया बंदरातून निघाले आणि मे १९३४ मध्ये परतले. मोहिमेचे प्रमुख इंग्रज होते. पण खलाशी इजिप्तचे, आणि शास्त्रज्ञांत अब्देल फत्ताह मोहम्मद व हुसेन फौजी हे इजिप्तचे दोघे होते. जहाजावर प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे यंत्र होते. अरबी समुद्राच्या तळाशी डोंगरांच्या लांबच लांब रांगा आहेत, हे त्या मोहिमेने नीट मोजून दाखवले.

आपल्या देशात या कामाचे मोठे घर म्हणजे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ती १९६६ मध्ये स्थापन झाली. तिचे एक केंद्र मुंबईत अंधेरीला आहे, म्हणजे वसई रोडहून लोकलच्या अंतरावर. या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. पुढे १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा पाहणीसाठी मिळाला आणि तपासणीअंती त्यातला ७५ हजार चौरस किलोमीटर राखून ठेवण्यात आला. कोणता भाग ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवताना तळाच्या चढउतारांचे नकाशे लागले, आणि ते आवाजानेच मिळाले.

इतके दूरही जायला नको. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर पाण्यात, १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे तेल सापडले. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, वायूचे मोठे क्षेत्र सापडले आणि त्याला नाव देण्यात आले ‘बसीन’ – म्हणजे आपल्याच वसईचे इंग्रजी नाव! तेथला वायू समुद्राच्या तळावरून गुजरातेतील हजिऱ्याला गेला. तळाखालचे थर तपासण्यासाठी जहाजावरून मोठा आवाज सोडून परतीच्या लहरी नोंदवतात. विहीर कोठे खणायची ते त्यावरून ठरते. वसईचे नाव अशा रीतीने सागरतळाच्या धंद्यात पन्नास वर्षांपूर्वीच लागले आहे. वसईच्या कारागिराचे नाव त्यात किती लागले, हा प्रश्न उरतोच.

दोरीचा रोबो आणि बिनदोरीचा

चाचांच्या गाळ्यातल्या ‘डब्या’कडे आता येऊ. पाण्याखालचे रोबो मुख्यतः दोन जातींचे. पहिला दोरीचा. जहाजापासून त्याच्यापर्यंत जाड केबल असते. तिच्यातून वीज खाली जाते आणि चित्र वर येते. वर बसलेला माणूस हातातल्या दांड्याने त्याला चालवतो. तेलाच्या पाइपलाइनची तपासणी, व्हॉल्व्ह फिरवणे, तुटलेली केबल उचलणे, ही त्याची कामे.

दुसरा बिनदोरीचा. त्याचा आकार लहान टॉर्पेडोसारखा, मागे पंखा. जाण्याचा रस्ता आधीच त्याच्या संगणकात भरलेला. पाण्याखाली जीपीएस नाही, म्हणून तो तळावर आवाज सोडून आपला वेग आणि उंची मोजत जातो आणि त्यावरून आपण कोठे आहोत याचा अंदाज बांधतो. काम संपले की वर येतो. गोव्याच्या संस्थेने असाच एक रोबो तयार केला, त्याचे नाव ‘माया’. २००६ च्या सुमारास त्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, दोन माणसांनी होडीत उचलून ठेवावा असा, आणि दोनशे मीटर खोलीसाठी बांधलेला. चाचांच्या ड्रॉइंगवरचा आकडाही तोच होता. प्रवाळांची पाहणी करण्यासाठी त्याच संस्थेने पुढे ‘सी-बॉट’ नावाचा रोबो तयार केला.

जहाजावरचे सोनार असताना रोबो खाली पाठवायचा कशाला, असे कोणी विचारील. कारण दूरून आवाज टाकला की चित्र धूसर येते. चार किलोमीटर पाण्यावरून बंगल्याएवढी वस्तूही ठिपक्यासारखी दिसते. रोबो तळापासून पन्नास मीटरवर गेला तर तिचा पत्रा कोठे फाटला तेही दिसते. याचे हृदयद्रावक उदाहरण आपल्याच देशातले आहे. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. तेव्हा विमाने आणि जहाजे शोधून थकली. साडेसात वर्षांनंतर, जानेवारी २०२४ मध्ये, जाहीर झाले की चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या रोबोने किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोलीत विमानाचे अवशेष शोधले आहेत. गेलेली माणसे परत आली नाहीत. पण २९ घरांना निदान ठिकाण तरी कळले.

आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण आणखी जवळचे आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा राहण्याचा बार्ज बॉम्बे हाय परिसरात बुडाला आणि ‘वरप्रदा’ ही टगही गेली. दोन्हींवरचे मिळून ८६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी असे आपल्यासारखेच हातावर पोट असणारे होते. बार्ज तळावर कोठे पडला आहे, हे नौदलाच्या ‘आयएनएस मकर’ जहाजाने साइड स्कॅन सोनारच्या साह्याने शोधले आणि मग पाणबुडे खाली उतरले. समुद्रातल्या नोकरीचा चांगला पगार ऐकून जाणाऱ्या तरुणांनी ही बाजूही ध्यानात ठेवावी.

आपल्या दारातला समुद्र

या विषयाचा आपल्या पेठेशी संबंध कोठे येतो? तीन ठिकाणी येतो.

पहिला, समुद्राखालच्या केबली. देशादेशांतला ९५ टक्क्यांहून अधिक संदेशव्यवहार उपग्रहाने नव्हे, तळावर टाकलेल्या केबलींतून चालतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबली उतरतात. दुबईच्या व्यापाऱ्याने माणिकपूरच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर ऑर्डर दिली तर ती याच मार्गाने येते. जगात दरवर्षी अशा केबली दीडशे-दोनशे वेळा तुटतात, बहुतेक वेळा जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीच्या जाळ्यांनी. जानेवारी २००८ मध्ये इस्कंदरियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले होते. केबल टाकण्यापूर्वी मार्ग तपासणे आणि तुटल्यावर जागा शोधणे या दोन्ही कामांत सोनार आणि रोबो लागतात.

दुसरा, बांधकामे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत आखलेला आहे. त्यातला ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून जातो. खाडीखालचा कातळ कोठे पक्का आणि कोठे कच्चा हे पाहण्यासाठी आवाजाच्या लहरी पाण्याखाली सोडून तपासणी करण्यात आली. या रेल्वेचे एक स्थानक आपल्या विरारला आहे.

तिसरा, आणि पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा, वाढवण बंदर. डहाणू तालुक्यातल्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालण्याची योजना आहे. एवढ्या कामात तळाची मोजणी एकदा करून भागत नाही. भराव घालताना, गाळ काढताना आणि बंदर चालू झाल्यावरही ती करत राहावी लागते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी या बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. आम्ही पाचूबंदरला एका जुन्या नाखव्याशी बोललो. ते म्हणाले, ‘‘तुमचं मशीन तळ दाखवतं ते खरं. पण आमच्या बापजाद्यांनी डोलीचे खुंट कुठे ठोकले, कुठल्या चिखलात कोळंबी बसते, कुठल्या खडकावर जाळं फाटतं, हे मशीनला कोण सांगणार?’’ त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. सोनार तळाचा आकार दाखवते. त्या तळावर कोणाचे पोट चालते ते दाखवत नाही. नकाशावर जो भाग ‘मऊ चिखल, अडथळा नाही’ असा दिसतो तोच एखाद्या कुटुंबाची शेती असू शकतो. आपण किनाऱ्यावर धंदा करतो, मासळीवाल्यांशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव आहे. या कामात नफा पाहताना शेजाऱ्याचे नुकसान आपल्या वहीत लिहायचे विसरू नये.

कारागिराला काय करता येईल

आता चाचांच्या प्रश्नाचे उत्तर. बाजार खरा आहे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांची. त्याखाली तीन माणसांना ६००० मीटर खोल नेणारे ‘मत्स्य ६०००’ हे वाहन ठरले. त्याचा माणसे बसण्याचा गोळा टायटॅनियमचा, आतून २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा. असे काम आपल्या गाळ्यात होणारे नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु खाडी, बंदर, धरण, पूल यांसाठी लागणारे शंभर-दोनशे मीटर खोलीचे छोटे रोबो आता अनेक महाविद्यालये आणि नव्या कंपन्या बनवू पाहतात. त्यांना लागणारे भाग नगाने थोडे आणि मापाला कडक असतात. मोठ्या कारखान्याला अशी दहा-वीस नगांची ऑर्डर परवडत नाही. लहान गाळ्याला परवडते.

मात्र काम समजून घ्यावे. पाण्यात दर दहा मीटरला दाब चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोने वाढतो. गाडीच्या चाकात सुमारे दोन किलो हवा असते. दोनशे मीटरवर त्याच्या दहापट, वीस किलो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका झाकणावर सहा टनांहून अधिक भार! सहा हजार मीटरवर तोच भार १८० टनांच्या पुढे जातो.

चाचा म्हणाले होते, ‘‘आत पंपाने पाणी भरून प्रेशर देऊ, बॉयलरसारखं.’’ येथेच फसगत होते. बॉयलरला दाब आतून असतो. या डब्याला बाहेरून. आतल्या दाबाने नळी फुगते, बाहेरच्या दाबाने ती रिकाम्या डब्यासारखी एकाएकी चेमटते. म्हणून नळी गोल असणे फार महत्त्वाचे. थोडी जरी ओव्हल झाली तर ताकद घटते. चकमध्ये पातळ नळी जास्त आवळली की ती ओव्हल होते, हे टर्नरला वेगळे सांगायला नको. चाचणीसाठी अख्खा डबा दाबाच्या टाकीत बुडवावा लागतो. आत कोरडा टिश्यू कागद ठेवतात. बाहेर काढल्यावर कागदावर ओलाव्याचा डाग दिसला की माल नापास.

ओ-रिंगच्या खाचेचेही तसेच. पाण्याचा दाब रिंगला फटीकडे ढकलतो आणि ती अधिक घट्ट बसते. म्हणजे पाणीच पाण्याला अडवते. पण खाचेत आडवा ओरखडा असेल तर त्यातून पाणी वाट काढते. टूलच्या गोल फिरणाऱ्या बारीक रेघा एक वेळ चालतात, त्यांना छेदणारा एक चरा चालत नाही. दुसरे म्हणजे धातूंची जोडी. ॲल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट लावून खाऱ्या पाण्यात ठेवले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. होड्यांना जस्ताचे ठोकळे लावतात ते याचसाठी. म्हणून ॲनोडायझिंग, प्लास्टिकचे वायसर, योग्य ग्रेडचा माल यांत कसूर नको.

लेथवाल्यांखेरीज इतरांनाही येथे काम आहे. रबर मोल्डिंगवाल्यांना सील आणि पट्ट्या, प्लास्टिकवाल्यांना पंखे आणि सांगाडे, इपॉक्सी ओतणाऱ्यांना केबलचे जोड पाणीबंद करणे, वायरमनला हार्नेस. पण प्रत्येकाने पहिला नमुना स्वतः दाबाखाली तपासून घ्यावा.

व्यवहाराच्या चार गोष्टी

एक. उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे, एजंटाला पैसे देऊ नयेत. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावी, असे धोरण आहे. संशोधन संस्थांच्या अनेक खरेद्या ‘जेम’ पोर्टलवर निघतात. मात्र हा लाभ माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरतीच.

दोन. धातूचे प्रमाणपत्र मागितल्याशिवाय माल उचलू नये. भंगारातला बार स्वस्त पडतो, पण समुद्र उधारी ठेवत नाही.

तीन. चाचणी कोण करणार, किती दाबाला, आणि नापास झाल्यास नुकसान कोणाचे, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे. मालाचा बयाणा घ्यावा. लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे बिलावर छापावे.

चार. ‘दोरीचा रोबो चालवण्याचा कोर्स करा, आखातात लाखोंची नोकरी’ अशा जाहिरातींनी तरुणांनी भुलू नये. या कामाला इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल किंवा हायड्रॉलिक्सचा पाया लागतो. आयटीआय किंवा डिप्लोमा आधी, कोर्स नंतर. आणि परदेशी पाठवणारा एजंट सरकारी ई-मायग्रेट यादीत आहे की नाही ते पाहूनच पैशाची गोष्ट करावी.

गाळ्यात परत

ही सारी माहिती घेऊन आम्ही पुन्हा माणिकपूरला गेलो. चाचांनी शांतपणे ऐकले. मध्येच उठून ते ड्रॉइंग पुन्हा बघून आले. मग भाच्याला म्हणाले, ‘‘त्यांना लिही. प्रेशर टेस्ट कुठे करणार ते कळवा. मालाचे सर्टिफिकेट आम्ही देऊ, मालाचे पैसे तुम्ही आधी द्या. आणि पहिला एकच नग करू. तो पास झाला तर बाकीचे.’’

‘‘आणि नापास झाला तर, मामा?’’

‘‘तर कुठे पाणी शिरलं ते तरी कळेल.’’

आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या हिशेबाप्रमाणे जून २०२५ पर्यंत जगाच्या सागरतळापैकी अवघा २७ टक्के भाग नीट मोजून झाला होता. म्हणजे काम पुष्कळ बाकी आहे. ते करणारी यंत्रे कोणाच्या तरी लेथवर, कोणाच्या तरी हातून उतरणार. पाण्यातल्या म्हशीचे मोल काठावरून सांगण्याचे दिवस जात चालले आहेत. आता खाली जाऊन पाहता येते, ऐकता येते. आपल्या कारागिरांनीही या धंद्याचे तसेच करावे. दुरून भुलू नये, दुरून घाबरू नये. एक नग करून पाहावा.